पाखरांचे प्रश्न : टिटवीचा अंदाज, सुगरणीची अर्धी घरटी आणि बांधीतला सारस

५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने वाचकांकडून पक्ष्यांच्या वागणुकीबद्दल प्रश्न मागवले होते. सर्वांत जास्त पत्रं कास्तकारांची आली, याचा आनंद आहे. बाराही महिने शेतावर असणाऱ्या माणसाला जे दिसतं ते चार दिवसांसाठी आलेल्या अभ्यासकाला दिसत नाही. ते पाहणं अभ्यासाच्या कामी कसं येईल, याकडे उत्तरांचा रोख ठेवला आहे.

आमच्या भागात टिटवीची अंडी पाहून पावसाचा अंदाज बांधतात. अंडी उंचावर असली तर पाऊस जोराचा, नाल्याच्या पात्रात असली तर कोरडं वर्ष. जितकी अंडी तितके महिने पाऊस. यात तथ्य किती?
— कास्तकार, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम

अंड्यांच्या संख्येचं आधी सांगतो. टिटवी बहुधा चार अंडी घालते, कधी तीन. आपला पावसाळाही जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा. तेव्हा टिटवीला पावसाचं काही कळो न कळो, हा अंदाज बहुतेक वर्षी जुळणारच.

जागेच्या उंचीचं तसं नाही; ती तपासून पाहता येते. टिटवी जागा निवडताना दोन गोष्टी पाहते : चहूबाजूंनी येणारं कुत्रं, मुंगूस किंवा माणूस दुरूनच दिसावा अशी उघडी जमीन, आणि जवळपास पाणी. तिचा विणीचा काळ मार्चपासून सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये तलावाचं पाणी मागे सरून काठ उघडा पडतो, तेव्हा ती तिथे अंडी घालते. पुढे मे-जूनमध्ये शेतात वखर आणि ट्रॅक्टर फिरू लागले की तिला धुरा (शेताचा बांध), मुरमाचा ढीग, रेल्वेची खडी किंवा घराचा सपाट स्लॅब उरतो. म्हणजे अंडी उंचावर की खोलगट भागात, हे तारखेवर आणि मशागतीवरही ठरतं. एप्रिलमधलं एक आणि जूनमधलं एक घरटं पाहून दोन माणसं एकाच वर्षी दोन उलटे अंदाज सांगू शकतात.

खरंच तपासायचं असेल तर असं करा. दरवर्षी त्याच शिवारात, त्याच महिन्यांत, तेवढ्याच क्षेत्रात घरटी शोधा. प्रत्येक घरट्याची जवळच्या नाल्याच्या तळापासूनची उंची मोजा. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत येतं का ते पाहा. पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा घ्या, आठवणीतला नको. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका वर्षी चाळीस घरटी मोजली तरी पावसाच्या प्रश्नासाठी ती नोंद एकच धरायची, कारण त्या वर्षीचा पाऊस एकच असतो. आठ-दहा वर्षांच्या आत यावर काही बोलता येणार नाही. गावातल्या दोन-तीन जणांनी मिळून वही चालवली तर मात्र हे काम होण्यासारखं आहे, आणि करण्यासारखंही आहे.

तोवर टिटवीकडे पाहायला याहून थोर कारण आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा ४५ अंशांवर असते आणि उघडा मुरूम त्याहून कितीतरी जास्त तापतो. अंड्यातला जीव एवढं तापमान सोसू शकत नाही. म्हणून या दिवसांत टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली धरण्यासाठी. पाय जरा ताठ, पिसं सैल, चोच उघडी. नर आणि मादी पाळीपाळीने हे करतात. दुपारी एक जण पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवून परत येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. पाणी वाफ होऊन जाताना अंडी गार राहतात. २८ ते ३० दिवस हे चालतं.

हे पाहायचं तर घरट्यापासून किमान ४० ते ५० मीटर लांब, झाडाच्या सावलीत बसा. ८ × ४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत दर पाच मिनिटांनी एक अक्षर लिहा : बसलेली ‘ब’, उभं राहून सावली ‘स’, घरट्यावर कुणी नाही ‘न’. पाण्याची फेरी झाली की वेळ लिहा. सावलीत टांगलेल्या तापमापीचा आकडा दर अर्ध्या तासाने. तुम्ही आल्याबरोबर टिटवी ओरडू लागली आणि पंधरा मिनिटांनंतरही थांबली नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. उठून आणखी मागे जा. भर दुपारी तुमच्यामुळे ती दहा मिनिटं अंड्यांवरून उठली तरी अंडी जाऊ शकतात. घरट्याशेजारी खूण म्हणून कापड किंवा काठी रोवू नका, कावळे ती खूण पटकन हेरतात. दहा मीटरवर दोन दगड ठेवा आणि दिशा वहीत लिहा.

शेत वखरायचं असेल आणि मधेच घरटं निघालं, तर दोन-तीन मीटरचा गोल सोडून ट्रॅक्टर बाजूने काढा. अंडी उचलून धुऱ्यावर ‘सुरक्षित’ ठेवू नका. टिटवी जागा ओळखते आणि हलवलेली अंडी बहुधा वाया जातात. पिल्लं बाहेर आल्यावर थोड्याच वेळात घरटं सोडून चालू लागतात, त्यामुळे महिनाभर कळ काढली की तो तुकडा पुन्हा तुमचाच आहे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प गायबगळ्यांवर घेतला आहे. दोन महिने रोज निरीक्षणं लिहिली, वही भरली. मार्गदर्शक म्हणतात, यातून निष्कर्ष निघत नाही. चूक कुठे झाली?
— विद्यार्थिनी, पांढरकवडा, जि. यवतमाळ

तुमच्या वहीत बहुधा ‘जे लक्षात आलं ते’ लिहिलं गेलं आहे. सुरुवातीला सगळेच तसं लिहितात. पण नजर नेहमी ठळक गोष्टीकडे जाते : भांडण, उडी, मोठा बेडूक गिळणं. नुसता उभा असलेला बगळा वहीत येत नाही. मग वही वाचून वाटतं की बगळे दिवसभर भांडतातच.

यावरचा उपाय प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी १९७४ साली एका लेखात नीट मांडला. तो लेख माकडांपासून पक्ष्यांपर्यंत वागणुकीचा अभ्यास करणारे सगळे आजही वापरतात. त्यातल्या दोन रीती तुमच्या कामाच्या. पहिली, एकच पक्षी धरून ठरावीक वेळ त्याचं सगळं लिहिणं. दुसरी, ठरावीक अंतराने पूर्ण थव्यावर एकदा नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक जण काय करतोय ते मोजणं. गायबगळ्यासाठी पहिली घ्या.

प्रश्न लहान करा : ढोरांजवळ चरणाऱ्या बगळ्याला एकट्याने चरणाऱ्यापेक्षा जास्त खाणं मिळतं का? बगळा डोळ्यांत भरला म्हणून निवडू नका, ‘डावीकडून तिसरा’ असा नियम आधीच ठरवा. पाच मिनिटं त्याच्याकडे पाहा. मोजायच्या गोष्टी तीनच : पावलं, चोचीचे वार, आणि गिळणं. गिळताना डोकं मागे झटकलं जातं आणि गळा हलतो; हे दिसलं तरच ‘गिळलं’ धरा. तुम्ही तोंडाने सांगा, मैत्रीण लिहील, किंवा मोबाईलवर आवाज नोंदवा. खाली पाहून लिहिताना दोन-तीन वार निसटतात. पक्षी नजरेआड गेला तर तेवढे सेकंद वजा करा. ढोरांजवळचे तीस आणि एकटे तीस पक्षी एवढं झालं की तुलना करता येते. दोन्ही गट एकाच वेळी, एकाच शिवारात घ्या. सकाळी ढोरांजवळचे आणि दुपारी एकटे मोजले, तर फरक ढोरांचा की उन्हाचा हे कळणार नाही.

इतर देशांत झालेल्या अशा मोजणीत ढोरांजवळचा बगळा कमी पावलांत जास्त किडे टिपतो असं दिसलं आहे. ढोरांच्या पायांनी टोळ-नाकतोडे उडतात, त्याला शोधावं लागत नाही. आपल्याकडे आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. वखरणी करणाऱ्या ट्रॅक्टरमागचा बगळा हा तिसरा गट घेतलात तर प्रकल्पात नवं काही निघेल. तिथे किड्यांबरोबर गांडुळं आणि उंदराची पिल्लंही उघडी पडतात, म्हणून ‘काय गिळलं’ याचा वेगळा रकाना हवा.

प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ साली सांगितलेले चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : हे वागणं कशामुळे सुरू होतं, वाढीच्या वयात ते कसं येतं, त्याचा जगण्याला उपयोग काय, आणि वंशपरंपरेत ते कुठून आलं. तुमचा प्रश्न तिसऱ्या प्रकारचा आहे. बाकीच्या तिघांची उत्तरं या नोंदींतून काढायला जाऊ नका. आणि ज्या दिवशी बगळे आलेच नाहीत त्या दिवसाचं पानही तारीख-वेळ घालून ‘शून्य’ असं लिहा. पुढे कुणी तुमची वही वापरली तर त्याला सर्वांत आधी तेच लागेल.

आमच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची खूप घरटी आहेत. त्यातली काही अर्धीच सोडलेली आहेत. का? मला विज्ञान प्रदर्शनासाठी यावर काही करायचं आहे. आजी म्हणते, सुगरण घरट्यात काजवे चिकटवून उजेड करते.
— इयत्ता नववी, कारंजा (लाड), जि. वाशीम

तुझा प्रश्न सलीम अलींनाही पडला होता. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची एक वसाहत रोज पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यातून कळलं ते असं : घरटं नर बांधतो. तो आधी फांदीला गाठ मारतो, मग वलय विणतो, मग वर टोपासारखा भाग करतो आणि तिथेच थांबतो. या टप्प्यावर माद्या येऊन आत शिरतात आणि घरटं पारखतात. मादीला पसंत पडलं तर नर खालची नळी विणून ते पूर्ण करतो आणि ती अंडी घालून उबवायला बसते. लगेच तो दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत झालेलं अर्धंच राहतं. काही अर्धी घरटी नवख्या नरांचीही असतात, त्यांचं विणणं ढिलं दिसतं.

घरट्यासाठी तो शिंदीच्या, धानाच्या किंवा उंच गवताच्या पानाला कडेला चोचीने खाच पाडतो आणि पट्टी ओढून काढतो. पट्टी २० ते ६० सेंटीमीटर लांब असते. एका घरट्यासाठी त्याच्या पाचशेपर्यंत फेऱ्या होतात आणि सारं मिळून सुमारे १८ दिवस लागतात.

आजी सांगते त्यातलं चिकटवणं खरं आहे. टोपाच्या आतल्या बाजूला नर ओल्या मातीचे गोळे लावतो, ते आपल्याला दिसतात. काजव्यांचा उजेड ही लोककथा. वाऱ्यात हलकं घरटं फार हलू नये म्हणून ही माती असावी, असा एक विचार आहे.

मादी घरट्यात काय पाहते, हा पुढचा प्रश्न सुहेल क्वादर यांनी अभ्यासला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात विणकामापेक्षा जागेला जास्त वजन असल्याचं दिसलं. तुझी बाभूळ विहिरीवर झुकलेली आहे, काटेरी आहे. साप आणि खार यांना तिथे पोचणं अवघड. म्हणून तुझ्यासाठी प्रश्न असा घेऊ : बरोबर पाण्यावर लटकणारी घरटी जास्त पूर्ण होतात की काठावरची?

झाडाचं मोठं चित्र काढ आणि प्रत्येक घरट्याला क्रमांक दे. जून ते सप्टेंबर दर रविवारी, सकाळी ९ च्या आत, प्रत्येक घरट्यापुढे टप्पा लिही : १ गाठ, २ वलय, ३ टोप, ४ नळीसह पूर्ण, ५ पडलं. होकायंत्राने घरटं झाडाच्या कोणत्या अंगाला आहे ते लिही. बहुतेक घरटी पूर्वेच्या अंगाला असतात असं पुष्कळ ठिकाणी दिसलं आहे. पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो त्याचा हा आडोसा असावा. तुझ्या झाडावर तसं आहे का ते पाहा. पण झाड मुळातच पूर्वेकडे झुकलेलं असेल तर हा पुरावा धरता येणार नाही, म्हणून झुकाव कोणत्या दिशेला आहे तेही लिही. पिवळ्या डोक्याचा आणि काळपट गालांचा तो नर; मादी चिमणीसारखी साधी दिसते. नळीतून मादी वारंवार चोचीत किडे घेऊन आत जाऊ लागली की पिल्लं झाली असं समज.

विहिरीच्या काठावर एकटा उभा राहू नकोस, मोठं माणूस सोबत ने. फांदी वाकवून आत पाहायचं नाही, घरटं तोडून प्रदर्शनात मांडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अंडी-घरट्यांना इजा करणं हा गुन्हा आहे, आणि जुन्या घरट्यांत पुढे मुनिया राहायला येतात. प्रदर्शनात तुझी वही, चित्र आणि फोटो मांड.

धानाच्या बांधीत (खाचरात) सारसाच्या जोडीने घरटं केलं आहे, दोन अंडी आहेत. निंदण, खत, पुढे कापणी, हे सगळं करायचं कसं? शेजारी म्हणतात धानाचं मोठं नुकसान होईल. आणि अभ्यासकांच्या उपयोगाची नोंद मला करता येईल का?
— धान उत्पादक, ता. आमगाव, जि. गोंदिया

नुकसानीचा हिशेब आधी करू. सारसाचं घरटं सुमारे दोन मीटर रुंद असतं, म्हणजे तीन-साडेतीन चौरस मीटर. आजूबाजूचं उपटलेलं आणि तुडवलेलं धान धरून वीस-पंचवीस चौरस मीटर गेले समजा. हेक्टरी ४० क्विंटल पिकलं तर चौरस मीटरला ४०० ग्रॅम पडतात. म्हणजे आठ-दहा किलो धान. गोंदिया-भंडाऱ्याबाहेर महाराष्ट्रात सारसाची वीण जवळपास उरलेलीच नाही, हे लक्षात घेतलं तर आठ-दहा किलो कुणालाही जड वाटू नयेत. तुमच्या मनात ते नाहीच, शेजाऱ्यांना हा आकडा सांगा.

अंडी साधारण ३१ दिवस उबवली जातात, नर-मादी दोघंही बसतात. या काळात पाण्याची पातळी ही मुख्य गोष्ट. हळूहळू पाणी वाढलं तर सारस काडीकचरा रचून घरटं उंच करतात. एका रात्रीत बांध फुटून पाणी चढलं तर अंडी बुडतात. उलट युरिया टाकण्यासाठी बांधी पूर्ण कोरडी केली तर कुत्र्यांना वाट मोकळी होते. त्या एका बांधीत पाणी थोडं राहू द्या आणि अतिवृष्टीत बांधाचं तोंड वेळेवर काढा.

तुमच्या रोजच्या माणसांना ते सरावतात. निंदण घरट्यापासून दहा-पंधरा मीटर सोडून, सलग एकाच बाजूने, थोडक्या वेळात उरका. जोडी उठून दूर उभी राहिली की कावळे अंड्यांवर येतात. त्रास बहुधा बाहेरच्या माणसांचा होतो : फोटोसाठी बांधावरून घरट्याकडे चालत येणारे, वरून ड्रोन फिरवणारे. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. त्या बांधीत फवारणी टाळा, आणि कीटकनाशक लावलेलं बियाणं उघड्यावर कधीच सांडू देऊ नका. मोनोक्रोटोफॉस लागलेले दाणे खाऊन सारस मेल्याची नोंद राजस्थानात भरतपूरला झालेली आहे.

कापणीची गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर एक-दोन दिवसांत चालू लागतं, पण उडायला त्याला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. ऑगस्टच्या शेवटी निघालेलं पिल्लू हलकं धान कापताना अजून उडत नसतं. ते पळण्याऐवजी धानात दबून बसतं. हार्वेस्टर चारी बाजूंनी फिरवत आत आणला तर पिल्लू मधे अडकतं. एका कडेपासून सुरू करून बोडीच्या (लहान तळ्याच्या) किंवा तलावाच्या दिशेने कापत जा, म्हणजे त्याला बाहेर पडायला तोंड राहील. आधी एक माणूस पुढे चालत गेला तर उत्तम.

नोंद जरूर करा. पाच-पाच सेंटीमीटरवर खुणा केलेली काठी बांधावरून दिसेल अशी रोवा आणि रोज सकाळी पाण्याची खोली लिहा. पहिलं अंडं दिसल्याची तारीख, दुसऱ्याची तारीख, पिल्लं निघाल्याची तारीख, पुढे दर आठवड्याला किती पिल्लं दिसली. पिल्लू नाहीसं झालं तर कारणाचा तर्क करू नका. शेवटचं कधी दिसलं एवढं लिहा. सोबत किती मोठे पक्षी आहेत हेही मोजा. सारस जोडीनेच राहतो असं आपण धरून चालतो, पण के. एस. गोपी सुंदर आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दाखवलं की क्वचित तीन सारसही एकत्र राहून आपलं क्षेत्र राखतात आणि तिघं मिळून एका सुरात हाक देतात. हे दिसलं ते हजारो साध्या नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणून. गावागावांतून अशी वही निघाली, तर आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पट्ट्यातल्या सारसांबद्दल आज नसलेली माहिती हाती येईल.

गणना करायची असेल तर विणीचा काळ सोडून, उजाडण्याच्या वेळी, सर्व रातथाऱ्यांवर (रात्रीच्या मुक्कामाच्या जागांवर) एकाच दिवशी, एकाच घटकेला माणसं उभी करा. वैनगंगा-बाघ या नद्या ओलांडून सारस मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजूला जातात. दोन्ही काठांवर वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर तोच पक्षी दोनदा मोजला जातो.

हरभऱ्यात पक्षीथांबे लावले, पण पक्षी बसत नाहीत. घाटेअळी आहे तशीच.
— कास्तकार, ता. दर्यापूर, जि. अमरावती

तीन गोष्टी तपासा. थांब्याची उंची पिकाच्या वर फूट-दीड फूट हवी. पीक वाढलं की थांबा झाकला जातो आणि कोतवालाला वरून काही दिसत नाही. आडवी काडी बोटाएवढी जाड आणि घट्ट बांधलेली हवी. नुसती तुराटी खोचली तर ती वाऱ्यात डोलते आणि पक्षी टेकून लगेच उडतो. आणि थांबे फक्त धुऱ्याने लावू नका. एकरी २० थांबे म्हणजे दोन्हीकडून साधारण १४ मीटरला एक, पूर्ण शेतभर. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत, फुलोऱ्याच्या आधी उभे करा. पेरताना मूठभर ज्वारी मिसळली तर तिची ताटं जिवंत थांब्याचं काम करतात.

पक्षी काय खातो तेही पाहा. कोतवाल आणि वेडा राघू उडते किडे जास्त टिपतात, म्हणजे अळीचा पतंग. पानावरची अळी साळुंकी आणि बगळे खाली उतरून वेचतात. अळी घाट्यात शिरली की कुणालाच सापडत नाही, म्हणून उशिरा लावलेल्या थांब्यांचा उपयोग होत नाही. दाणे भरू लागल्यावर पोपट येऊ लागले तर थांबे काढून घ्या.

फायदा झाला का हे कळायला शेताचे दोन भाग करा, एकात थांबे, दुसऱ्यात नाहीत, मधे मोठी पट्टी सोडा. दर आठवड्याला सकाळी प्रत्येक भागात दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळ हलवून अळ्या मोजा. मीटरला एक-दोन अळ्या दिसू लागल्या तर पक्ष्यांवर विसंबून न राहता कृषी विभागाच्या सल्ल्याने पुढचं पाऊल उचला.

मेळघाटात दिवसाढवळ्या बसलेलं घुबड दिसलं. तो रानपिंगळा असेल का? ओळखायचा कसा?
— शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती

असू शकतो, मेळघाट हे त्याच्या मोजक्या घरांपैकी एक आहे. साधा पिंगळाही दिवसा दिसतो, त्यामुळे वेळेवरून ठरवू नका. डोकं पाहा : पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं. छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पोट स्वच्छ पांढरं, पाय जाड आणि पांढऱ्या पिसांनी भरलेले. पिंगळा गावाजवळच्या आमराईत, जुन्या भिंतीत राहतो. रानपिंगळा सागाच्या विरळ रानात उघड्या फांदीवर बसून शेपूट झटकत सरडे, सापसुरळ्या टिपतो.

या पक्ष्याची संशोधनकथा वागणुकीच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा नमुना ब्रिटिश पक्षीसंग्राहक मायनरट्झहागन यांनी जुना चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता, हे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केलं. खोटी जागा बाद केली आणि खऱ्या जुन्या जागांच्या मागावर निघाल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ (जि. नंदुरबार) तो जिवंत सापडला. चुकीच्या ठिकाणाची एक नोंद कित्येक वर्षं शोध भलतीकडे नेते. म्हणून तुमच्या नोंदीत जागा, झाड, वेळ आणि फोटो हवा; खात्री नसेल तर ‘पिंगळा किंवा रानपिंगळा’ असंच लिहा. मोबाईलवर त्याची हाक वाजवून त्याला बोलावू नका. दुसरा नर आला असं समजून तो शिकार सोडून येतो, आणि त्याच वेळी घरट्याच्या ढोलीकडे लक्ष राहत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या आत पाहणी करायची तर वनविभागाची परवानगी आधी घ्या.

तलावावर आलेल्या एका हंसासारख्या पक्ष्याच्या मानेत हिरवा पट्टा आहे, त्यावर अक्षर-आकडे आहेत. कुणी पाळलेला आहे का?
— मासेमार, ता. साकोली, जि. भंडारा

पाळलेला नाही. डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असतील तर तो पट्टकादंब. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतो. त्याला बसवलेल्या यंत्रांनी सात हजार मीटरवरच्या उड्डाणाची नोंद केली आहे. असे हिरवे पट्टे मंगोलियातल्या अभ्यासकांनी लावलेले आहेत. अक्षर आणि आकडे ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने लिहा, पांढरे की काळे तेही लिहा, तारीख आणि तलावाचं नाव घाला, सोबत थव्यात एकूण किती होते ते मोजा. फोटो काढताना डोंगा थव्याकडे नेऊ नका. काठावर थांबलात तर सकाळी चरताना ते आपणच जवळ येतात. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पायात धातूची कडी असेल तर तिच्यावरही कळवायचा पत्ता आणि क्रमांक कोरलेला असतो. जिवंत पक्ष्याची कडी काढायची नाही, नुसता क्रमांक वाचायचा. मेलेला सापडला तर कडीचा फोटो घ्या, वनरक्षकाला सांगा, आणि पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका.